शोभेची रोपे आणि कोल्चिसचे वाळलेले वन

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशी धाटणीच्या बागा आता आपल्याकडे मोठ्या गृहप्रकल्पांत, रिसॉर्टांत आणि फार्महाउसांवर सर्रास मागितल्या जातात. उद्यानरचनेच्या व्यवसायात मी अनेक वर्षे आहे, आणि या मागणीबरोबर एका झुडपाचे नाव हमखास निघते. बारीक, चकचकीत, गडद हिरव्या पानांचे, गोल किंवा शंकूच्या आकारात नाहीतर सरळ भिंतीसारखे कातरलेले हे झुडूप म्हणजे बॉक्स. फ्रान्समधल्या राजवाड्यांच्या छायाचित्रांत ते दिसते, आणि ज्यांना खरे झुडूप परवडत नाही किंवा सांभाळता येत नाही, ते त्याच्या पानांची प्लॅस्टिकची नक्कल ‘बॉक्सवुड मॅट’ या नावाने विकत घेऊन गॅलरीच्या किंवा हॉटेलच्या भिंतीवर लावतात. मागणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण झुडूप खरोखरच देखणे आहे. मात्र त्याच्या शोभेच्या व्यापारामुळे रानात वाढणाऱ्या बॉक्सची गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी हानी झाली, तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. परदेशातून जिवंत रोपे मागवण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकापर्यंत ती हकिकत पोचावी असे मला कळकळीने वाटते, म्हणून हे काहीसे दीर्घ पत्र लिहीत आहे.

काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत, कॉकेशस पर्वताच्या उतारांवर, बॉक्सची नैसर्गिक जंगले होती. बागेतल्या गुडघाभर उंचीच्या कुंपणावरून त्यांची कल्पना येणार नाही. कोल्चिस या प्राचीन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात पाऊस भरपूर पडतो, समुद्रामुळे हिवाळा सौम्य राहतो आणि हिमयुगाच्या कडाक्यातही इथल्या दऱ्यांमध्ये अनेक जुन्या वनस्पती तगून राहिल्या. कोल्चिक बॉक्स ही त्यांतलीच एक. मोठ्या वृक्षांच्या सावलीत दहा-बारा मीटर उंचीपर्यंत वाढलेल्या या झाडांपैकी कित्येकांचे वय शतकांत मोजावे लागे, आणि त्यांची खोडे व फांद्या शेवाळाने, दगडफुलाने आणि नेच्यांनी झाकून गेलेल्या असत. रशियातील सोची शहराजवळ खोस्ता येथे, अखून डोंगराच्या उतारावर, यू हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष आणि बॉक्स यांचे सुमारे ३०० हेक्टरांचे वन राखीव क्षेत्र म्हणून जपलेले होते. २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी हे शहर सजवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा २०१२ मध्ये इटलीहून शोभेची बॉक्सची रोपे आणण्यात आली आणि त्यांच्याबरोबर एका पतंगाच्या अळ्या आल्या. त्या शहरातल्या बागांतून रानात शिरल्या, आणि दोन-तीन वर्षांच्या आत खोस्ताच्या वनातील बॉक्सची जवळजवळ सगळी झाडे वाळून गेली. तिथून ही कीड अबखाझियात आणि जॉर्जियात पसरली. ज्या झाडाचे शतकानुशतके जुने वन शहराच्या वेशीवर उभे होते, त्याच वंशातली रोपे चार दिवसांच्या सोहळ्यासाठी परदेशातून आणली गेली आणि त्यांनीच त्या वनाचा घात केला, हे मला अतिशय विषण्ण करणारे वाटते.

हा पतंग दिसायला सुंदर आहे. पंख रेशमी पांढरे, त्यांना तपकिरी किनार, आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे चार सेंटिमीटर. शास्त्रीय नाव सायडॅलिमा पर्स्पेक्टॅलिस. त्याचे मूळ पूर्व आशियातले. तिथल्या बॉक्सच्या जाती आणि या किडीला खाणारे परजीवी कीटक यांच्याबरोबर तो दीर्घकाळ नांदत आला आहे. युरोपात त्याची पहिली नोंद २००७ साली जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ऱ्हाइन नदीच्या परिसरात झाली. तिथून जवळच, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, ग्रेन्झाख गावच्या डोंगरउतारावर जर्मनीतले सर्वांत मोठे नैसर्गिक बॉक्सवन होते. पुढच्या तीन-चार वर्षांतच अळ्यांनी ते उघडेबोडके केले. यानंतरच्या दशकभरात युरोपचा बहुतेक भाग या किडीच्या ताब्यात गेला, २०१८ मध्ये ती कॅनडातील टोरांटोत आढळली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात.

पतंग उडू शकतो हे खरे, परंतु एका खंडातून दुसऱ्या खंडात तो स्वतःच्या पंखांनी गेलेला नाही. मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. हिवाळा आला की लहान अळ्या दोन पाने रेशमी धाग्याने एकमेकांना शिवून त्यांच्या आत दडून बसतात. अशा अवस्थेतले रोप वरून पूर्ण निरोगी दिसते, आणि दाट कातरलेल्या गोल झुडपात हजारो पाने असल्यामुळे तपासणाऱ्याला त्यांतली चार शिवलेली पाने सापडणे फार अवघड असते. वसंतात अळ्या बाहेर पडतात आणि आतल्या बाजूने खात सुटतात, त्यामुळे मालकाच्या लक्षात येईपर्यंत अर्धे झुडूप जाळ्यांनी आणि विष्ठेने भरलेले असते. पाने संपली की अळ्या कोवळ्या फांद्यांची हिरवी साल कुरतडतात. केवळ पाने गेली तर बॉक्स पुन्हा पालवू शकतो. साल गेली की तो भाग मरतो, आणि वर्षात किडीच्या दोन-तीन पिढ्या होत असतील तर पालवण्याची ताकदही संपते. बॉक्सच्या पानांत विषारी अल्कलॉइड द्रव्ये असल्यामुळे गुरे-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ही अळी मात्र ती पचवते आणि आपल्या शरीरात साठवते.

बागेत यावर उपाय करता येतो. कामगंध सापळे लावता येतात आणि बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूची फवारणी वेळेवर केली तर अळ्या मरतात. पण डोंगरउतारावरच्या शेकडो हेक्टर दाट रानात, उंच झाडांच्या छताखाली, वर्षातून अनेकदा प्रत्येक झाडाच्या आतपर्यंत फवारा कोण आणि कसा पोचवणार? शिवाय हा जिवाणू बॉक्सच्या अळीबरोबर त्याच रानातल्या इतर फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्याही मारतो. त्यामुळे धनवंताची बाग वाचू शकते आणि ज्या रानाला कोणी मालक नाही ते जाते, असा अनुभव ठिकठिकाणी आला.

किडीच्या आधी एक बुरशीही अशीच पसरली होती. १९९४ मध्ये इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात बॉक्सवर एका नव्या करप्याची लक्षणे दिसली: पानांवर गडद डाग, कोवळ्या काड्यांवर काळे ओरखडे आणि मग भराभर पानगळ. या बुरशीचे बीजाणू चिकट असतात. ते पावसाच्या शिंतोड्यांबरोबर, माळ्याच्या कातरीला आणि कपड्यांना चिकटून एका झुडपावरून दुसऱ्यावर जातात, आणि गळलेल्या पानांत बुरशी कित्येक वर्षे जिवंत राहते. माझ्या व्यवसायातल्या लोकांनी यातली एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वारंवार कातरल्यामुळे झुडूप बाहेरून दाट होते, आत वारा खेळत नाही, पाने तासन्‌तास ओली राहतात आणि ओल्या पानावरच ही बुरशी रुजते. म्हणजे आपण ज्या आखीव आकाराच्या प्रेमात पडतो, त्याच आकारात तिला सर्वांत अनुकूल हवामान मिळते. रोपवाटिकांतून रोपवाटिकांत फिरत ती युरोपभर गेली, न्यूझीलंड आणि अमेरिकेत पोचली, आणि २०१० मध्ये इराणच्या उत्तरेकडील कास्पियन किनाऱ्याच्या जंगलांतही तिची नोंद झाली. तिथला हिर्केनियन बॉक्स करप्याने खंगलेला असतानाच २०१६ मध्ये हा पतंगही तिथे आला. पुढे २०१९ मध्ये ही हिर्केनियन जंगले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली.

या झुडपाची एवढी ने-आण का झाली, याचे उत्तर बागांच्या इतिहासात आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळात आपल्या टस्कनीतल्या घराचे वर्णन एका मित्राला पत्राने कळवले आहे. त्या बागेत बॉक्स प्राण्यांच्या आकारात कातरलेला होता आणि काही ठिकाणी त्याची अक्षरे करून मालकाचे व माळ्याचे नावही लिहिलेले होते. (माळ्याचे नाव मालकाच्या बरोबरीने बागेत लिहिले जावे, ही गोष्ट आमच्या व्यवसायाला आजही दुर्मीळ आहे.) सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या राजाचा उद्यानपाल क्लोद मोले याने थंडीत मरणाऱ्या सुगंधी वनस्पतींच्या जागी बॉक्स वापरायला सुरुवात केली, आणि पुढे आंद्रे ल नोत्र याने जमिनीवर भरतकाम केल्यासारखे नक्षीचे विस्तीर्ण ताटवे बॉक्सच्या बुटक्या ओळींतून रचले. व्हर्सायच्या आधी त्याने पॅरिसजवळ वो-ल-व्हिकोंत येथे जी बाग रचली, तिच्यातल्या मुख्य ताटव्यांचा बॉक्स करपा आणि अळी यांनी इतका खराब झाला की २०१९ मध्ये तो उपटून टाकावा लागला आणि काही काळासाठी त्या जागी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची नक्षी मांडण्यात आली. दॉर्दोन्य नदीच्या काठच्या मार्केसाक येथे आजही सुमारे दीड लाख बॉक्सची झुडपे हाताने कातरली जातात, आणि किडीवर सतत पहारा ठेवूनच ती टिकवली जातात.

या झाडाच्या लाकडाविषयी न लिहिता पुढे जाणे मला शक्य नाही, कारण ज्याला आपण हिरवी भिंत म्हणून पाहतो त्याने माणसाच्या हातांना किती काळ साथ दिली आहे हे कळल्याशिवाय त्याची रानं जाण्याचा अर्थ नीट उमगत नाही. बॉक्स अत्यंत सावकाश वाढतो. मनगटाएवढे खोड व्हायला अनेक दशके जातात. त्यामुळे त्याचे लाकूड पिवळसर, एकजीव, गुळगुळीत आणि इतके जड असते की ताजे लाकूड पाण्यात बुडते. इटलीत ग्रोसेटोजवळ पोज्जेत्ती वेक्की येथे २०१२ मध्ये सापडलेल्या, सुमारे १,७१,००० वर्षांपूर्वीच्या जमीन खणायच्या काठ्या बहुतांशी बॉक्सच्या आहेत. त्या निअँडरथल माणसांनी तयार केल्या असे मानले जाते, आणि हे कठीण लाकूड तासणे सोपे व्हावे म्हणून त्यांनी साल व फांद्यांचे खुंट आगीत होरपळवून मग खरवडले होते. होमरच्या ‘इलियड’मध्ये प्रायम राजाच्या गाडीच्या खेचरांचे जू बॉक्सचे आहे. रोमन छावण्यांच्या उत्खननांत बॉक्सचे कंगवे मिळतात, आणि १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवरच्या खलाशांच्या सामानातही ते मिळाले आहेत.

सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत नेदरलँड्सच्या परिसरात काही कारागिरांनी बॉक्सचे अक्रोडाएवढे गोल कोरले, जे बिजागरीवर उघडतात आणि ज्यांच्या आत येशूच्या जीवनातील अख्खे प्रसंग, घोडे, भाले, कमानी आणि गर्दीतले चेहरे, सगळे कोरलेले असते. टोरांटोच्या कलासंग्रहालयाने आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने या वस्तूंची क्ष-किरणांनी सखोल पाहणी केली, तेव्हा आतले देखावे अनेक पातळ थरांत वेगवेगळे कोरून एकात एक बसवलेले आहेत आणि काही जोड दाण्याहून बारीक खुंट्यांनी पक्के केले आहेत असे दिसून आले. दुसऱ्या कुठल्याही युरोपीय लाकडावर इतके बारीक काम तडा न जाता टिकले असते असे मला वाटत नाही.

आता, संपादक महोदय, आपल्या क्षेत्राचे ऋण. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइक याने लाकडावरील चित्रछपाईला नवे रूप दिले. त्याआधी बहुधा फळीच्या उभ्या रेषेवर सुरीने कोरत. ब्यूइकने बॉक्सच्या खोडाचा आडवा काप घेतला आणि त्यावर धातूवर चालवायची बारीक कोरणी चालवली. आडव्या कापावर रेषा कोणत्याही दिशेने तितकीच स्वच्छ उठते, म्हणून पक्ष्याच्या पिसाची एकेक काडी दाखवणे त्याला शक्य झाले; त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरील ग्रंथाचा पहिला खंड १७९७ मध्ये आणि दुसरा १८०४ मध्ये निघाला. छापखान्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा ठोकळा शिशाच्या खिळ्यांच्या उंचीचा करता येत होता. चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येऊ लागले, आणि बॉक्स इतका चिवट की हजारो प्रतींनंतरही रेषा बोथट होत नसे.

१८४२ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक सुरू झाले ते याच लाकडाच्या आधारावर. बॉक्सचे खोड बारीक, त्यामुळे पानभर चित्रासाठी अनेक लहान तुकडे पाठीमागून बोल्टने जोडून एक मोठा ठोकळा बनवीत. चित्रकार त्यावर चित्र काढून देई, मग ठोकळा सुटा करून एकेक तुकडा वेगवेगळ्या कोरक्यांना वाटला जाई, ते रात्रभर बसून आपापला भाग कोरीत, आणि सकाळी तुकडे पुन्हा जोडल्यावर मुख्य कोरक्या सांध्यांवरच्या रेषा जुळवून घेई. जुन्या अंकांतली चित्रे बारकाईने पाहिली तर काही ठिकाणी या सांध्यांच्या पुसट पांढऱ्या रेषा अजून दिसतात. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली, तिचे चित्र इंग्लंडच्या वाचकांनी पाहिले तेही अशाच ठोकळ्यावरून छापलेले. आणि या ठोकळ्यांसाठी सर्वोत्तम समजला जाणारा बॉक्स येत होता तुर्कस्तानातून आणि कॉकेशसच्या किनाऱ्यावरून. म्हणजे ज्या कोल्चिसच्या रानाविषयी मी वर लिहिले, त्यातली जुनी झाडे एकोणिसाव्या शतकात सचित्र वृत्तपत्रांसाठी तोडली गेली, शतकाच्या अखेरीस छायाचित्रांचे जस्ती ठसे आल्यावर त्यांना जरा उसंत मिळाली, आणि जे उरले होते ते शोभेच्या रोपांनी आणलेल्या किडीने खाल्ले. वृत्तपत्राने या झाडासाठी थोडी जागा द्यावी असे मी म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

बासऱ्या आणि क्लॅरिनेट, व्हायोलिनच्या खुंट्या, सुतारांच्या घडीच्या पट्ट्या, बुद्धिबळाची पांढरी मोहरी, या सगळ्यांसाठी हे लाकूड वापरले गेले. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या जुन्या पिढीने ड्रॉइंगच्या तासाला हाताळलेली ‘बॉक्सवुड स्केल’ अनेक घरांत अजून असेल. आपल्या वाचकांचा या झाडाशी सर्वांत जवळचा संबंध बहुधा तोच.

तरी बॉक्स आपल्या देशाला परका नाही. काश्मीरपासून पूर्वेकडे हिमालयाच्या मधल्या उंचीच्या दऱ्यांमध्ये, ओढ्यांच्या काठी आणि सावलीच्या उतारांवर, त्याची हिमालयीन जात वाढते. जम्मू भागात तिला चिकडी किंवा चिकरी म्हणतात. राजौरी जिल्ह्यातल्या थानामंडी परिसरातील कारागीर तिच्या फिकट पिवळ्या लाकडाचे कंगवे, चमचे आणि नक्षीदार वस्तू बनवतात, आणि २०२३ मध्ये राजौरीच्या चिकरी काष्ठकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे वस्तूला भाव येईल ही आनंदाची गोष्ट आहे, पण सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या बाबतीत मागणी वाढणे ही काळजीचीही गोष्ट असते. तोडलेल्या एका जाड खोडाची जागा भरून निघायला कारागिराच्या दोन पिढ्या लागतात. तोडीवर लक्ष ठेवणे आणि नवी लागवड करणे हे वनखात्याचे व कारागिरांच्या संस्थांचे काम आहे. त्या रानाच्या आसपासच्या हॉटेलांनी आणि बागांनी बाहेरून शोभेचा बॉक्स आणू नये, हे मात्र बागा करणाऱ्यांच्या हातात आहे. सोचीत जे घडले त्याचे मूळ इतकेच होते: एकाच वंशातले रानटी झाड आणि बाहेरून आणलेले बागेतले झाड शेजारी आले.

महाराष्ट्रात रानटी बॉक्स नाही, मग आपल्याला धोका कसला, असा प्रश्न एका ग्राहकाने मला विचारला होता. धोका फक्त बॉक्सपुरता नाही, हे आपल्या शेतकऱ्यांनी अनुभवलेले आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण हा मूळचा मध्य अमेरिकेकडचा कीटक २००८ मध्ये तमिळनाडूत कोइमतूरजवळ आढळला, आणि २०१० पर्यंत पुणे, जळगाव, धुळे या जिल्ह्यांतल्या पपईच्या बागा त्याने पांढऱ्या करून टाकल्या होत्या. त्याचा शत्रू असलेला परजीवी कीटक त्याच वर्षी प्वेर्तो रिकोहून आणून बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने वाढवला आणि सोडला, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. तिथे नैसर्गिक शत्रू सापडला हे आपले भाग्य. कॉकेशसच्या बॉक्सला अशी मदत वेळेत मिळाली नाही.

कायदा आपल्याकडे आहे. १९१४ च्या कीड-रोग प्रतिबंधक कायद्याखाली २००३ मध्ये वनस्पती आयातीचा जो आदेश निघाला, त्यानुसार रोपे आणायची तर आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-स्वास्थ्य प्रमाणपत्र लागते, रोपांबरोबर माती आणता येत नाही, आणि अनेक प्रकारच्या रोपांना देशात आल्यावरही काही काळ विलगीकरणात ठेवावे लागते. नियम चांगले आहेत. पण वर लिहिल्याप्रमाणे शिवलेल्या पानांत दडलेली अळी प्रमाणपत्राच्या कागदावर दिसत नाही, आणि मोठ्या प्रकल्पाचे उद्घाटन जवळ आले की विलगीकरणाचे आठवडे सगळ्यांनाच जड जातात. तपासनीसांवर सगळा भार टाकून चालणार नाही. रोपे मागवणाऱ्याने आधी स्वतःला आवरले पाहिजे.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. महानगरपालिकांच्या उद्यान विभागांनी आणि मोठ्या बांधकाम प्रकल्पांनी शोभेच्या रोपांच्या निविदेत रोप कुठे वाढवले, कोणत्या रोपवाटिकेतून आले आणि आयात असेल तर विलगीकरण कुठे व किती काळ झाले, हे लेखी मागावे आणि ते कागद नागरिकांना पाहता यावेत. आज बहुतेक निविदांत उंची, घेर आणि कुंडीचा आकार एवढेच लिहिलेले असते. जुनी, तयार, मोठ्या आकाराची झुडपे परदेशातून आणण्यापेक्षा इथेच कलमे करून वाढवलेली लहान रोपे घ्यावीत. त्यांना भरायला तीन-चार वर्षे लागतील. बाग ही काही उद्घाटनाच्या दिवसासाठीच नसते.

दुसरी विनंती आपणास. बागकामाच्या पुरवण्यांतून आखीव कुंपणांविषयी लिहिले जाते तेव्हा आपल्या हवेत सहज टिकणाऱ्या झाडांची नावे आवर्जून द्यावीत. बॉक्स हे समशीतोष्ण प्रदेशातले झाड आहे. देशावरच्या वैशाखात त्याला सावली आणि पाणी देऊन जपावे लागते, आणि कोकणच्या पावसात कातरलेले दाट झुडूप आतून कुजण्याची भीती असते. मेंदी आणि अडुळसा कातरीला चांगली साथ देतात. करवंदाची जाळी राखणीचे काम करते आणि वर फळही देते. बॉक्सच्या सर्वांत जवळचे रूप हवे असेल तर कुंती आहे: तशीच बारीक चकचकीत पाने, कातरून हवा तो आकार, आणि पावसाळ्यात पांढरी सुगंधी फुले. एक सावधगिरी मात्र हवी. संत्र्या-मोसंबीवर ग्रीनिंग रोग पसरवणाऱ्या सायला किडीला कुंती फार आवडते, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात फळबागांच्या आसपास कुंतीचे कुंपण करू नये आणि रोपवाटिकांनीही त्या भागात ती विकताना हे सांगावे.

आपल्या वाचकांत राजौरी-पूंछ भागात सेवा केलेले सैनिक, हिमालयात भटकणारे गिर्यारोहक आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक बरेच असतील. चिकरीची झाडे त्यांनी कुठे पाहिली, किती जुनी होती, तिथे अलीकडे पानगळ किंवा जाळी दिसली का, याविषयी त्यांनी आपल्याकडे लिहावे, आणि आलेली पत्रे आपण छापावीत. आयात रोपांच्या नोंदींविषयी महानगरपालिकांच्या उद्यान विभागांकडूनही आपल्या प्रतिनिधीने माहिती मागवली, तर ती वाचण्याची मला आणि माझ्या सहव्यावसायिकांना उत्सुकता आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक उद्यानरचनाकार, पुणे